वासा, नोंद 9: सिंहाच्या अंगावर सोनं

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आता तोफांच्या झडपा झाल्या, पुढच्या वेळी सगळं नक्षीकाम दाखवतो. त्याला तीन आठवडे झाले. दाखवण्यासारखी वस्तू एकच तयार आहे: जहाजाच्या नाकावरचा सिंह, लांबी चार सेंटिमीटर.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. जहाज स्वीडनच्या राजाचं, वासा. 10 ऑगस्ट 1628 ला स्टॉकहोमहून पहिल्यांदा निघालं आणि जेमतेम 1300 मीटर जाऊन बुडालं. 1961 साली वर काढलं. बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट, त्यात लाकूड पोखरणारा किडा तग धरत नाही, म्हणून तीनशे तेहतीस वर्षांनंतरही सांगाडा शाबूत निघाला. माझं मॉडेल 1:75, लाकडी किट, नक्षीचे तुकडे व्हाइट मेटलचे ओतीव. नागपुरात बसून जहाजं काहून बनवता, हे घरी आता कोणी विचारत नाही. बायको एवढंच म्हणते, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारे ऐकले होते, आमच्याकडचे रात्र-रात्र वासा घासून राहिले."

तर सोनं. आधी सोनेरी रंग लावून पाहिला होता. भिंतीवरच्या फ्रेमला तो चालतो, पण या मापाला त्यातले चमचमणारे कण डोळ्यांना दिसतात आणि सिंह वाळूत लोळून आल्यासारखा वाटतो. वर्खाला कणच नाहीत. खरा सोन्याचा वर्ख साधारण 0.1 मायक्रॉन जाडीचा. मी कागदावर हिशेब मांडला: 8 सेंटिमीटर चौरसाचं एक पान म्हणजे सुमारे 12 मिलिग्रॅम सोनं, 25 पानांची वही म्हणजे ग्रॅमचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. खिडकीसमोर धरलं तर पलीकडचा उजेड हिरवट दिसतो. तो हिरवा रंग पाहताना माझा अर्धा तास गेला, कामाच्या नावानं शून्य.

सुरुवात मात्र सोन्यानं नाही, पितळी वर्खानं केली. तांबं आणि जस्ताच्या मिश्रधातूचा हा वर्ख जाड असतो, स्वस्त असतो आणि नवशिक्याची धसमुसळी सहन करतो. पण त्याला उघड्या बोटांनी हात लावला की महिन्याभरात बोटाचा ठसा काळा होऊन वर येतो, म्हणून वरून लाखेचं पॉलिश मारावं लागतं. (बहिणीच्या मुलानं हा वर्ख बर्फीवर लावायचा का विचारलं. नाही. खायचा वर्ख वेगळा.)

बर्फीवरून आठवलं. वर्ख उचलायचा कसा, हे मला संत्रा बर्फीनं शिकवलं. इतवारीतल्या एका दुकानात काउंटरपाशी उभा होतो, आतला माणूस ट्रेवर चांदीचा वर्ख लावत होता. त्यानं वर्खाला हात म्हणून लावला नाही. कागदासकट उचलला, उलटा करून बर्फीवर टेकवला, कागदाच्या पाठीवरून हलकेच हात फिरवला आणि कागद सोलून घेतला. बस्स. मी घरी चिमट्यानं सुटं पान उचलायची सर्कस चार दिवस करत होतो. त्याच संध्याकाळी ट्रान्स्फर वर्खाची वही मागवली. त्यात पान कागदाला हलकं चिकटलेलं येतं आणि कात्रीनं कापता येतं. कात्रीच्या पात्यांना आधी टाल्कम पावडर चोळा, नाहीतर पानाची कड कात्रीसोबत जाते.

आता फसलेला भाग, कारण तुम्ही तोच वाचायला आला आहात.

पहिला सिंह. साइझ, म्हणजे वर्ख धरणारा डिंक, मी पाण्यात धुता येणारा अ‍ॅक्रिलिक घेतला. लावला की दुधासारखा पांढरा दिसतो, पाणी उडालं की पारदर्शक होतो आणि मग चिकट राहतो. बाटलीवर पंधरा मिनिटं लिहिलेली. घड्याळ लावून पंधराव्या मिनिटाला वर्ख टाकला. वर्ख साइझमध्ये बुडाला. अक्षरशः बुडाला, सुरकुत्या पडल्या, चमक मेली, वरून दाबलं तर ब्रशला सोनं आणि डिंक दोन्ही चिकटून आले. पुन्हा नीट पाहिलं तर आयाळीच्या खाचांत दूध अजून पांढरंच होतं.

दोष बाटलीचा नाही, कूलरचा. मे महिना, बाहेर 44, खोलीत कूलर पूर्ण वेगात. आपल्या कूलरची हवा ओली असते. त्या हवेत साइझ सुकायला वेळ लागतो. आणि ज्या क्षणी वर्खाची वही उघडली, त्या क्षणी वरचं पान उठून सरळ पडद्यावर जाऊन बसलं, ते वेगळंच.

दुसऱ्या सिंहाला कूलर बंद, पंखा बंद, दार बंद. घामाचा थेंब वर्खावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल. आता साइझ सहा-सात मिनिटांतच पारदर्शक. चमक सुरेख आली. पण सिंहाचं तोंड गेलं! दात, मिशा, पंजाची बोटं, सगळं एक झालं. वर्खानं काही झाकलं नव्हतं, एवढ्या पातळ वस्तूनं झाकणार काय? खाचा साइझनं भरल्या होत्या. मी ब्रश भरून लावला होता, तो खाली ओघळून खोलगट जागी साचला.

त्या आठवड्यात चितार ओळीत जाणं झालं, तिथे आतापासूनच गणपतीची मापं काढून राहिले होते. एका जुन्या मूर्तिकार काकांना खिशातला सिंह दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, तुमी दिला नाई, ओतला." मग विचारलं, खाली काय रंग दिला? मी सांगितलं, करडा प्रायमर. ते हसले. "खाली गेरू द्या. वर्ख फाटतेच. फाटला तं आत लाल दिसू द्या, करडं नोको." साइझ तयार झाला हे घड्याळात बघायचं नाही, बोटाची पाठ टेकवायची, हेही त्यांचंच. बोट उचलताना बारीक 'टिक' आवाज आला पाहिजे आणि बोटाला काही लागता कामा नये. लागलं तर अजून थांबा.

तिसरा सिंह असा झाला. जुना वर्ख आणि साइझ स्पिरिटनं काढला, त्यासोबत प्रायमरही गेला, जाऊ दिला. नवीन प्रायमर, त्यावर गेरूच्या रंगाचे दोन अतिपातळ हात, सुकल्यावर 800 नंबरच्या पेपरनं फक्त सपाट भाग घासला. घासायचा कंटाळा करू नका. वर्ख ओरखडा लपवत नाही, उलट त्याच्यावर उजेड पाडतो. मग साइझ. ब्रश बुडवायचा, कागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि तो धातूवर ओढायचा. खाचेत साचलेला थेंब कोरड्या ब्रशच्या टोकानं शोषून घ्यायचा. एवढ्याशा सिंहाला वीस मिनिटं गेली, पण दोन टप्प्यांत केलं, आधी डावी बाजू, मग उजवी.

वर्खाचे 8-10 मिलिमीटरचे तुकडे कापले. मोठं पान गोलाईवर टाकलं की भेगाळतंच, लहान तुकडे एकमेकांवर थोडे चढवत गेलं की जोड दिसत नाही, कारण वर्ख वर्खाला चिकटत नाही, उघड्या साइझलाच चिकटतो. वरचा जादा भाग ब्रशनं निघून जातो. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. जिथे लाल उघडं राहिलं तिथे चिमूटभर तुकडा ब्रशच्या टोकानं ठोकून बसवला. एक दिवस थांबून कापसानं अलगद फिरवलं. निघालेला चुरा काचेच्या छोट्या बाटलीत जमवतोय; पुढे खाचा भरायला तोच कामी येतो.

हा सिंह खऱ्या वर्खाचा आहे, त्यामुळे वरून पॉलिश मारलं नाही. त्याला गरज नसते आणि पॉलिशनं चमक उतरते. फक्त आयाळीत बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, पाण्यासारखा पातळ करून सोडला आणि वरचा पुसून घेतला. त्याशिवाय तो ट्रॉफीवरच्या सिंहासारखा दिसत होता.

आता सगळ्यात मोठा बदल. वासाची जुनी मॉडेलं निळ्या रंगावर सोनेरी मूर्ती अशी असायची, माझाही बेत तोच होता. पण मूर्तींवरच्या रंगाच्या कणांची तपासणी झाल्यावर चित्र बदललं: मागची बाजू लाल होती, मूर्ती भडक रंगवलेल्या होत्या, चेहरा चेहऱ्याच्या रंगाचा, कपडे कपड्यांच्या रंगाचे, आणि सोनं मोजक्या ठिकाणी. स्टॉकहोमच्या संग्रहालयातलं 1:10 मॉडेल तसंच रंगवलंय. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मला ते थेट आपल्या देवळाच्या शिखरासारखं वाटलं. म्हणजे माझ्या यादीतल्या सव्वाशे तुकड्यांपैकी बहुतेकांना आता वर्ख नाही, रंग. सिंह आणि राजचिन्ह सोन्याचं, बाकीच्यांच्या मुकुटाला किंवा केसांना नुसता स्पर्श. सव्वाशे तुकड्यांवर सोनं लावायची हौस होती, ती सिंहावरच भागली.

वहीतली 25 पैकी 19 पानं उरलीत. सहातलं एक पडद्यावर आहे, बायको ते काढू देत नाही. राजचिन्ह पुढच्या रविवारी, पहाटे पाचला, कूलर सुरू व्हायच्या आत.