शाळेच्या बाँडचा हिशेब मागणारी माणसं

कॅलिफोर्नियात घर घेतलं की प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं, आणि त्यात मूळ कराखाली शाळांच्या बाँडच्या एकदोन ओळी बहुधा असतातच. गळकी छपरं, संडास, प्रयोगशाळा यांसाठी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, कर्जरोखे काढते आणि ते फेडायचे घरमालकांनी. अर्थात आधी मतदान होतं. पूर्वी त्याला दोन तृतीयांश मतं लागायची. नोव्हेंबर 2000 मध्ये प्रपोझिशन 39 हा प्रस्ताव राज्यातल्या मतदारांनी मंजूर केला आणि 55 टक्क्यांवर भागू लागलं. सवलतीच्या बदल्यात अटी आल्या: कामांची यादी आधीच जाहीर करायची, या पैशातून शिक्षकांचे पगार द्यायचे नाहीत, दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण करायचं आणि वर नागरिकांची देखरेख समिती नेमायची.

समितीत किमान 7 जण, सगळे बिनपगारी. त्यांत एक व्यावसायिकांच्या संघटनेतला, एक ज्येष्ठ नागरिकांच्या, एक करदात्यांच्या आणि दोन पालक. डिस्ट्रिक्टचे नोकर, ठेकेदार, सल्लागार यांना मज्जाव.

आमच्याकडची बैठक संध्याकाळी शाळेच्या लायब्ररीत भरते. कुणीही जाऊन बसावं. बसतं मात्र क्वचितच कुणी. मागे एकदा विषय निघाला तो संडास दुरुस्तीच्या 'चेंज ऑर्डर'चा, म्हणजे ठेका दिल्यानंतर वाढलेल्या कामाचा. जुन्या फरशीखाली अ‍ॅस्बेस्टॉस हा आरोग्याला घातक पदार्थ निघाला, म्हणून खर्च वाढला, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. ज्येष्ठांच्या प्रतिनिधी आजींनी चष्मा कपाळावर सरकवला. "इमारत किती जुनी आहे ते तुम्हाला माहीत होतं ना? मग टेंडर काढायच्या आधी एखादी फरशी उचकटून का नाही पाहिली?" अधिकारी कागद चाळत राहिले. पुढच्या बैठकीत माहिती देतो, म्हणाले. आजींनी लगेच सांगितलं, "हे इतिवृत्तात घ्या." इतिवृत्त वेबसाइटवर टाकणं कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे त्या एका वाक्यानं साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पण खरं सांगू? समितीला बिल अडवता येत नाही. प्रश्न विचारायचे, कामावर जाऊन पाहायचं, वर्षाचा अहवाल लिहायचा, फार झालं तर बोंब ठोकायची. आणि तिला नेमतं कोण, तर ज्याच्यावर नजर ठेवायची ते स्कूल बोर्डच, म्हणजे डिस्ट्रिक्टचं कारभारी मंडळ. परीक्षक विद्यार्थ्यानेच निवडायचा, त्यातला प्रकार. त्यामुळे सगळं माणसांवर येऊन ठेपतं. एखाद्या गावात आजी असतात, एखाद्या गावात नुसती हजेरी लागते.

त्यातही समितीनं पाहायचं ते पैसा कुठे गेला एवढंच. तो कर्जाऊ घेताना किती महाग पडला, हा प्रश्न तिच्या कक्षेत जवळजवळ येतच नाही. सॅन डिएगोजवळच्या पाउवे डिस्ट्रिक्टनं 2011 मध्ये सुमारे 10.5 कोटी डॉलरचे असे बाँड काढले, की पहिली वीसेक वर्षं काहीच भरायचं नाही आणि शेवटी फेड जवळपास 100 कोटींची. बांधकामाची पावती न् पावती जुळली असती, तरी या आकड्यात एका डॉलरचा फरक पडला नसता. बोभाटा झाल्यावर 2013 मध्ये राज्यानं कायदा केला: एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीपेक्षा जास्त नको. माझ्या मते चौपटसुद्धा फारच आहे.