५६ रात्री

बर्कली विद्यापीठाचं आठ आठवड्यांचं समर सेशन, म्हणजे उन्हाळी सत्र, जूनमध्ये सुरू होतं. माझ्या कार्टमध्ये मॅथ १०४ आणि मॅथ ११० असे दोन विषय पडून आहेत. मागच्या रविवारपर्यंत ११३ पण होता. आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, मुलं झोपलीत, आणि नवरा तिसऱ्यांदा डोकावून "झालं का एनरोल?" असं विचारून गेला.

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स केलं, २००७ ची पासआऊट. मग सॉफ्टवेअर टेस्टिंग, मग लग्न, कॅलिफोर्नियातलं फ्रीमॉन्ट, एच-फोर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा), दोन मुलं. आता स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस करायचंय. डिसेंबरात अर्ज. लिनिअर अल्जिब्रा (मॅट्रिक्सचं गणित) पक्की हवी आणि कॅल्क्युलसच्या मुळाशी जाऊन सिद्धता करायला लावणारं रिअल अॅनालिसिस केलेलं असेल तर उत्तम, असं मी बघितलेल्या बहुतेक ठिकाणी कळलं. माझी गणिताची शेवटची मार्कशीट वीस वर्षांपूर्वीची. म्हणून ठरवलं, एका उन्हाळ्यात उरकून टाकू. १०४ म्हणजे अॅनालिसिस, ११० म्हणजे लिनिअर अल्जिब्रा, ११३ म्हणजे अॅब्स्ट्रॅक्ट अल्जिब्रा. तिसरा निव्वळ हौस म्हणून. समरला बाहेरच्या माणसालाही घेतात, वेगळ्या प्रवेशाची भानगड नाही. फ्रीमॉन्टहून बार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, थेट डाऊनटाऊन बर्कली, पाऊण तास.

नवऱ्याने लगेच एक्सेल उघडलं. तो कशासाठीही एक्सेल उघडतो, आईच्या लोणच्याच्या बरण्यांसाठीसुद्धा उघडलं होतं. एक युनिट म्हणजे वर्ग आणि घरचा अभ्यास धरून आठवड्याला तीन तास, असे पंधरा आठवडे. विषय चार युनिटचा, म्हणजे एकूण १८० तास. तेच आठ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला साडेबावीस. दोन विषयांचे पंचेचाळीस, तिन्हींचे साडेसदुसष्ट. साडेसदुसष्टचा चौकोन त्याने लाल केला आणि ११३ गेला. पंचेचाळीसवर म्हणाला, "ही तर एक नोकरी झाली. जमेल."

तासांचा हिशोब बरोबरच होता. तरी मला चैन पडेना, आणि का पडत नाही हे कळायला थोडे दिवस लागले.

इंजिनिअरिंगची गणितं ज्यांनी केलीत त्यांना केली-हॅमिल्टनचं प्रमेय आठवत असेल. प्रत्येक चौरस मॅट्रिक्स स्वतःच्या कॅरॅक्टरिस्टिक समीकरणात बसते. एम-वनला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या गणिताच्या पेपरला, हमखास यायचं, त्यावरून इनव्हर्स काढायचा, मार्क खिशात. का बसते, हे मी विचारलं नाही आणि मला कोणी सांगितलं नाही. या वर्षी पहिल्यांदा स्वतःला विचारलं आणि दोन मिनिटांत 'सिद्धता' सापडली. मॅट्रिक्स ए, आणि समीकरण म्हणजे ए वजा लॅम्डा-पट आयडेंटिटी मॅट्रिक्स, याचा डिटर्मिनंट शून्य. लॅम्डाच्या जागी ए घातला की ए वजा ए, म्हणजे शून्य, शून्याचा डिटर्मिनंट शून्य. संपलं! इतकी खूश झाले की चहा टाकला. चहा उकळताना लक्षात आलं की डिटर्मिनंट काढला की हातात एक आकडा येतो आणि सिद्ध करायची आहे ती शून्य मॅट्रिक्स. लॅम्डा हा आकडा आहे, त्याच्या जागी डिटर्मिनंटच्या पोटात मॅट्रिक्स कोंबता येत नाही. खरी सिद्धता समजायला पुढचे चार दिवस गेले.

चार दिवस म्हणजे सगळे मिळून पाच-सहा तास असतील. एक्सेलमध्ये त्यांना जागा आहे. पण मधल्या रात्रींना नाही.

एम-थ्री माझा राहिला होता. लाप्लास, फूरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस, सगळं पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, आठ दिवसांत बसवायला गेले. रोज चौदा तास. पुढच्या खेपेला सुटला, तोही तसाच, फक्त जास्त चहावर. आज डायव्हर्जन्स म्हणजे काय हे मला मुलीला सांगता येणार नाही. तास कमी पडले असं नाही म्हणता येणार.

याउलट बाबा. वाईला शाळेत नववी-दहावीला बीजगणित-भूमिती शिकवायचे. मेच्या सुट्टीत कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या मागे एक रायडर, म्हणजे भूमितीत सिद्ध करायचं उदाहरण, लिहून फ्रीजला लावायचे. एकच. तो सुटेपर्यंत दुसरा नाही. कधी दोन दिवस, कधी पाच. मी आंबे खात त्याच्याकडे बघायची, घाटावर जाऊन यायची, परत बघायची. जोडायची रेषा कुठली हे बहुतेक वेळा सकाळी दात घासताना दिसायचं. बाबांनी "आज किती तास बसलीस?" असं कधी विचारलं नाही. "दिसलं का?" एवढंच.

म्हणून मागच्या महिन्यात एक आठवडा खोटं समर सेशन केलं. पहाटे पाच ते सात, आणि दुपारी मुलं शाळेत असताना. विषय घेतला युनिफॉर्म कन्टिन्युइटी. कन्टिन्युइटी म्हणजे फलनाची किंमत एप्सिलनपेक्षा कमी बदलावी म्हणून क्ष डेल्टापेक्षा कमी हलवायचा. साध्या कन्टिन्युइटीत डेल्टा प्रत्येक बिंदूपाशी वेगळा चालतो, इथे सगळ्या बिंदूंना मिळून एकच डेल्टा पुरला पाहिजे. क्षचा वर्ग संपूर्ण रेषेवर यात नापास होतो. एन घ्या आणि एन अधिक एक भागिले एन घ्या. दोघांतलं अंतर हवं तितकं कमी होतं, पण वर्गांतला फरक दोनच्या खाली येत नाही. हे तासाभरात पटलं, सोमवारीच.

मंगळवारी आलं क्षचं वर्गमूळ, शून्यापासून पुढे. शून्यापाशी त्याचा आलेख अगदी उभा चढतो. मी म्हटलं, हेही नापास. आणि नापास आहे हे सिद्ध करण्यात मंगळवार आणि बुधवार घालवले. वहीची अकरा पानं. गुरुवारी संध्याकाळी आमटीला फोडणी देताना दिसलं की दोन वर्गमुळांतल्या फरकाचा वर्ग हा त्या मूळ संख्यांमधल्या फरकापेक्षा मोठा होऊच शकत नाही. म्हणजे डेल्टा बरोबर एप्सिलनचा वर्ग, सगळीकडे तोच पुरतो. गडी पास! तीन ओळींची सिद्धता. मोहरी जळली.

खऱ्या सेशनमध्ये जवळजवळ रोज दोन तास वर्ग असतो. गुरुवारपर्यंत ते लोक तीन-चार मुक्काम पुढे गेले असते आणि मी अकरा पानांच्या चुकीच्या सिद्धतेसकट मंगळवारी उभी असते. सेमिस्टरला पंधरा आठवडे, म्हणजे १०५ रात्री. समरला ५६. दोन विषय घेतले तर त्या ५६ दोघांत वाटायच्या, कारण एका रात्रीत डोकं दोन गोष्टी मुरवेल अशी माझी तरी खात्री नाही. तुमची असेल तर जरूर घ्या. विशी-बाविशीतली मुलं घेतात आणि ए घेऊन बाहेर पडतात.

दोन एकत्र घेण्याच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर ११३ वर अन्याय होईल. ११० आणि ११३ ही जोडी खरं तर चांगली जमते. लिनिअर अल्जिब्रात रँक-नलिटी शिकायची आणि तिकडे ग्रुप्समध्ये पहिलं आयसोमॉर्फिझम प्रमेय. दोन्हीकडे गोष्ट एकच: जे शून्यात जातं ते बाजूला काढा, उरलेलं म्हणजेच प्रतिमा. एका विषयात घासलेलं दुसऱ्याला कामी येतं. अॅनालिसिसचं तसं नाही. त्याची सवय वेगळी, एप्सिलन हातात धरून अंदाज बांधत बसायची. १०४ आणि ११० एकत्र म्हणजे सकाळी भरतनाट्यम आणि दुपारी कबड्डी. आणि मला अर्जासाठी नेमकी हीच जोडी हवी होती.

मुलांच्या शाळाही जूनमध्येच सुटतात, ऑगस्टपर्यंत घरी. आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आलीय, ती म्हणते, "मी बघते की पोरांना." ती बघेल. पण दुपारी चारला घरात आठ वर्षांचा माणूस "आई, मी काय करू?" म्हणत फिरत असतो, त्याला आजी हे उत्तर पुरत नाही.

तर, झालं एनरोल. फक्त ११०. निम्मी लिनिअर अल्जिब्रा हाताच्या ओळखीची आहे, तिला ५६ रात्री पुरतील. १०४ फॉलला, म्हणजे पुढच्या सेमिस्टरला, पूर्ण १०५ रात्रींसकट. तेव्हा बाहेरच्यांना जागा उरली आणि शिक्षकांनी होकार दिला तरच मिळेल, आणि मिळाला तरी डिसेंबरच्या अर्जात त्याच्यापुढे ग्रेड नसेल. नवरा म्हणाला, "अर्ज अर्धवट दिसेल." म्हटलं, दिसू दे.

जाता जाता. तो वर्गमुळाचा प्रश्न मी बाबांना पाठवला होता, व्याख्या मराठीत लिहून. तीन दिवस काही नाही, फक्त दोन निळ्या टिका. आज वहीच्या पानाचा फोटो आला. डेल्टा बरोबर एप्सिलनचा वर्ग, बाबांच्या त्या तिरक्या अक्षरात. खाली लाल पेनने स्वतःलाच दहापैकी नऊ दिलेत. फोन करून विचारलं एक कुठे गेला, तर म्हणाले, समासात खाडाखोड आहे.