देखणा घाट मोडलात कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

घरी माझी मॉडेल रेल्वे बघायला जो येतो तो हेच विचारतो. "कोपऱ्यातला घाट किती छान होता हो, मोडलात कशाला?" शेजारचा मुलगा तर रुसूनच बसलाय. त्याच्या लेखी बोगदा नाही ती रेल्वेच नाही.

माझा लेआउट, म्हणजे या छोट्या रेल्वेची मांडणी, कर्जत-लोणावळ्याचा, एचओ स्केलमधला. म्हणजे सगळं खऱ्याच्या 87 पट लहान. जागा वाचावी म्हणून घाटाचा रूळ मी कोपऱ्यात एक वेढा देऊन स्वतःवरूनच पलीकडे नेला होता. खालून गाडी जायची तर 80 मिलिमीटर उंची हवी. 457 मिलिमीटर त्रिज्येचा पुरा वेढा भरतो 2870 मिलिमीटर. भागाकार केला की चढ येतो 36 ला 1, म्हणजे 36 पुढे गेलं की 1 वर, आणि कर्जत-लोणावळ्याच्या खऱ्या भोर घाटातला चढ आहे 37 ला 1. असा योग कुणाला सोडवेल?

पण चढ जुळला तरी वळण कुठे जुळतंय? 457 ला 87 नं गुणा, 40 मीटर होतात. इतक्या आखूड वळणावर मेल गाडी घालायचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. चढ ओढून धरतो, वळण त्याहून ओढून धरतं. सहा डबे लावले की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची. आणि भोर घाटात असा वेढा नाहीच मुळी! तो दार्जिलिंगचा थाट. लोक ज्याला देखणा घाट म्हणत होते तो आमचा नव्हताच.

शिवाय त्या वेढ्यापायी कर्जतला जागाच उरली नव्हती, आणि या मार्गाची खरी गंमत तर कर्जतलाच आहे. पुण्याकडे निघालेली गाडी तिथे थांबते, लोक वड्यासाठी उतरतात, तेवढ्यात मागून बँकर, म्हणजे मदतीची इंजिनं, येऊन लागतात आणि गाडीला ढकलत घाट चढवतात. मला हे काम करायचं होतं. गाड्या नुसत्या गोल फिरताना बघणं मला फार वेळ जमत नाही.

म्हणून आता बारा फुटांची आख्खी भिंत कर्जतला दिली. खरा डबा जवळजवळ साडेतेवीस मीटर, म्हणजे माझा 27 सेंटिमीटर. सहा डबे, पुढे एक इंजिन, मागे दोन बँकर असं सगळं फलाटाला लागतं आणि बँकर उभे करायच्या बाजूच्या रुळालाही (सायडिंगला) जागा उरते. चढ 50 ला 1 वर आणला, वळण मोठं केलं. घाट खिडकीकडेनं चढतो आणि एकाच बोगद्यात शिरतो. रंगवलेल्या डोंगरामागे तीन रूळ आहेत, ते 'पुणे'.

बँकर लावण्यात मात्र खरी मेख आहे. मागचं इंजिन पुढच्यापेक्षा किंचित जरी जोरात चाललं, तरी मधले हलके डबे वळणावर कमान होऊन रुळाबाहेर उडतात. म्हणून दोन्ही बँकरचा वेग डीकोडरमध्ये, म्हणजे इंजिनात बसवलेल्या वेग सांभाळणाऱ्या चिपमध्ये, पुढच्या इंजिनापेक्षा जरासा कमी ठेवलाय. खऱ्या घाटात हे काम ड्रायव्हर करतात, इथे संध्याकाळभर आकडे बदलत बसावं लागतं. घरचे म्हणतात, त्यापेक्षा वेढाच बरा होता.

कॅच सायडिंग अजून बाकी आहे. उतारावर ताबा सुटलेली गाडी ज्या चढत्या रुळावर घालून थांबवतात, ती. तिच्याशिवाय हा घाट पुरा झाला असं मी म्हणणार नाही. पण पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि प्लास्टर वाळत नाही, तेव्हा ती दिवाळीनंतर.