आमची वाटचाल : लॅटरलच्या वर आणि खाली

करवीर तालुक्यात आमच्या घरचं गुऱ्हाळ होतं. लहानपण चुलवाणाच्या धगीत गेलं. त्यामुळे अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये पहिल्यांदा मेपल झाडाचा रस आटताना पाहिला, तेव्हा त्या गोड वाफेनंच मला धरून ठेवलं. १४ वर्षांपूर्वी आम्ही नवराबायकोनं शेजारच्या वयस्कर शेतकऱ्याकडून १२ एकर मेपलचं रान विकत घेतलं. सुरुवात २०० बादल्यांनी केली. आज ९०० तोट्या आहेत आणि सगळा रस नळ्यांतून येतो.

ज्यांनी ठिबक केलंय त्यांना आमचं रान लगेच कळेल, फक्त प्रवाह उलटा. खोडात दरवर्षी नवं भोक पाडून बसवलेल्या तोटीतून ड्रॉप म्हणजे छोटी जोडनळी, ड्रॉपमधून लॅटरल म्हणजे झाडाझाडांतून ताणलेली बारीक नळी, तिथून मेनलाइन ही जाड नळी आणि उतारानं खाली टाकी. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा वितळवणारं ऊन असेल तरच रस सुटतो. हंगाम जेमतेम सहा आठवड्यांचा. रसात साखर साधारण २ टक्के, म्हणजे ४० लिटर आटवावा तेव्हा १ लिटर सिरप हाती येतं. इतक्या कष्टाच्या रसात एकेक झाड मोलाचं असतं, आणि तिथंच आम्ही चुकलो.

ड्रॉप आखूड कापले होते, दीड फुटाचे. तेवढी नळी पुरेल तिथंच भोक पाडायचं, म्हणजे दरवर्षी त्याच कमरेएवढ्या उंचीच्या पट्ट्यात. सहाव्या वर्षी ड्रिलमधून तपकिरी भुसा येऊ लागला. चांगल्या लाकडाचा भुसा सायीसारखा पांढरा, ओलसर असतो. तपकिरी म्हणजे जुन्या जखमेचं लाकूड. झाड प्रत्येक भोक आतून बंद करून घेतं आणि त्याच्या वर-खाली लांबट पट्टा कायमचा कोरडा पडतो. वादळात पडलेल्या एका झाडाचा ओंडका आम्ही उभा चिरला, तेव्हा आत अशा तपकिरी रेघा एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. ते बघून बायको बराच वेळ बोलली नाही. झाड उभं होतं, हिरवं होतं, आणि आम्ही त्याची जागा संपवत आणली होती.

त्या उन्हाळ्यात सगळे ड्रॉप बदलून तीन फुटांचे केले. आता खोडाला पूर्ण वळसा घालता येतो आणि लॅटरलच्या खालीही जाता येतं. नळ्यांतली हवा खेचणारा पंप असेल तर रस त्या नळीतून वर ओढला जातो. पूर्वेच्या चढावर १५० झाडं अजून पंपाविना आहेत, तिथं मात्र तोटी लॅटरलच्या वरच हवी, नाहीतर रस ड्रॉपमध्येच तुंबतो.

बर्फाचाही हिशेब ठेवावा लागतो. फेब्रुवारीत तीन फूट बर्फावर उभं राहून छातीपाशी पाडलेलं भोक एप्रिलमध्ये डोक्यावर जातं, मग तोट्या काढायला शिडी लागते. एकदा तसं झाल्यापासून आम्ही आधी खोडालगतचा बर्फ उकरतो.

आता प्रत्येक भोकापाशी रंगाचा ठिपका देतो, दरवर्षी वेगळा. नवं भोक जुन्यापासून उभ्या रेषेत किमान एक फूट लांब आणि बाजूलाही सरकवून. यंदा पहिल्यांदा लेकीनं ड्रिल धरलं, लॅटरलच्या खाली, गुडघे टेकून. भुसा तळहातावर घेऊन तिनं मला दाखवला. पांढरा होता. कमरेच्या पट्ट्यावर नवं लाकूड चढतंय. तिथं अजून काही वर्षं आम्ही हात लावणार नाही.