गाडीच्या रंगाला संरक्षण: पीपीएफ की सिरॅमिक? माझा अनुभव

नवी गाडी हातात यायच्या आधीच शोरूममध्ये कोटिंगचं पॅकेज पुढे आलं. मी ते घेतलं नाही. आपल्या गाडीच्या रंगाला कशाचा त्रास होणार, हे आधी ठरवायचं होतं.

मी राहतो डिचोलीत, नोकरी पणजीत. रस्त्यावर खनिजाचे टिपर, चिरे भरलेले टेंपो, त्यांच्या चाकांखालून उडणारे खडे. घरी गाडी आंब्याखाली उभी, म्हणजे चीक, पाखरांची घाण, रात्री वटवाघळं. वर चार महिने पाऊस.

सिरॅमिक कोटिंगच्या चौकशीला गेलो तिथे एक जण म्हणाला, "साहेब, नाइन एच आहे, दगड लागला तरी काही होत नाही." हे खरं नाही. नाइन एच ही पेन्सिलीने ओरखडा पाडून बघायच्या चाचणीतली श्रेणी आहे. सिरॅमिक म्हणजे रंगावर द्रवरूपात लावायचं कोटिंग, त्याचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो उडता खडा काय अडवणार? त्याचं काम वेगळं: पाणी आणि चिखल धरू न देणं, धुणं सोपं करणं. खडा झेलते ती पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), म्हणजे रंगावर चिकटवायची साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म. तीही टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची हवी. स्वस्तातली पीव्हीसी उन्हात पिवळी पडते. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उष्णतेने भरून येतात.

पूर्ण गाडीला पीपीएफ म्हणजे लाखाच्या घरातली गोष्ट. मग बॉनेट, पुढचा बंपर, फेंडर, आरसे आणि दारांच्या कडा एवढ्यालाच फिल्म, बाकी अंगाला सिरॅमिक असं ठरवलं. स्टुडिओ निवडताना दोनच गोष्टी खोदून विचारल्या: फिल्म प्लॉटरवर (मापाप्रमाणे कापणाऱ्या यंत्रावर) कापणार की गाडीवर ब्लेड चालवणार, आणि कडा आत दुमडणार का. सरळ उत्तर आलं नाही तिथून मी उठलो.

काम मे महिन्यात, पावसाच्या आधी उरकलं. गाडी नवी असूनही धुण्याचे गोल ओरखडे होतेच. ते आधी पॉलिशने काढावे लागतात, नाहीतर कोटिंगखाली तसेच राहतात. नंतर आठवडाभर शाम्पू लावला नाही.

गंज मात्र याने थांबत नाही. खारी हवा आणि पाणी खालून पत्रा खातात, म्हणून अंडरबॉडी कोटिंग वेगळं करून घेतलं. दारांखालची पाणी निघायची भोकं बुजली नाहीत ना, हे स्वतः वाकून बघितलं. तुम्हीही बघा.

पावसाळा संपल्यावर बॉनेटवर खड्यांच्या खुणा दिसल्या, पण फिल्मवरच. खालचा रंग शाबूत. चिखल पाण्याच्या फवाऱ्यानेच निघतो. पाखरांची घाण मात्र कोटिंग असूनही लगेच ओल्या फडक्याने काढतो, आणि बोअरवेलच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात सुकू देत नाही. त्या पाण्यातल्या क्षारांचे डाग सिरॅमिकवरही बसतात.