तुम्ही विचारलंत म्हणून: व्हायझरला टाके कसले घातलेत?

माझ्या गाडीत पुढं जो कोण बसतो तो आधी पट्टा लावतो, मग मान वर करतो, पुढच्या काचेवर उन्हाला आडवी घ्यायची जी झडप असते तिच्याकडं बघतो आणि विचारतो, "हे काय ओ, व्हायझरला टाके?" माहेरचे विचारतात, ऑफिसातले विचारतात, मागच्या महिन्यात पीयूसी काढणाऱ्या पोरानं पण विचारलं. आणि पाच मिनिटांनी तोच माणूस हळूच म्हणतो, "आमचा पण लोंबायलाय, कसा केलाव?" दरवेळी सिग्नलला थांबून थांबून सांगते आणि निम्मं सांगेपर्यंत त्यांचं उतरायचं ठिकाण येतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी व्हायझरचं एवढं काय घेऊन बसलीस, हे. माझी नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला, आणि घर जुळे सोलापूरला. आता नकाशा डोळ्यापुढं आणा. अक्कलकोट आपल्याला आग्नेयेला, म्हणजे हिवाळ्यात सूर्य जिथनं वर येतो साधारण त्याच दिशेला हा रस्ता जातो. डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, सकाळी अक्कलकोट रोडला लागलं की समोरून हाय बीम टाकून ट्रक यावा तसा सूर्य, फरक एवढाच की हा ट्रक बाजूनं निघून जात नाही. आणि मे-जूनमध्ये सूर्य मावळतो वायव्येकडं, म्हणजे संध्याकाळी घरी परतताना परत नाकासमोर. बरोबर उलट्या दिशेच्या चिंचोळी एमआयडीसीत जाणारी माणसं नशीबवान, त्यांना जाताना पण सूर्य पाठीमागं आणि येताना पण. काचेला फिल्म लावा म्हणणारे शहाणे पण भेटतात, तर २०१२ ला सुप्रीम कोर्टानं काचेवरच्या काळ्या फिल्म बंद केल्या ते सोडा, पण पुढच्या काचेवर तसलं काही चिकटवून संध्याकाळी सात वाजता गाडी चालवायची माझी तरी हिंमत नाही. म्हणून मला व्हायझर लागतो, आणि मी ठेवीन तिथंच थांबणारा लागतो.

तो बिघडला कसा ते सांगते. पहिल्यांदा नुसता करकरायचा. खाली ओढला की कुईं, वर केला की कुईं. आमच्या मिस्टरांना कुठलाही आवाज आला की तेल आठवतं. दाराची बिजागरी, शिलाई मशीन, सायकल, सगळ्याला एकच डबी. रविवारी सकाळी मी भाकऱ्या करत होते तेवढ्यात त्यांनी व्हायझरच्या दांडीत नळी घालून तेल सोडलं आणि आत येऊन सांगितलं, झालं बघ काम. आवाज गेला हे खरं. सोमवारी सकाळी पहिल्याच स्पीडब्रेकरला व्हायझर धप्पकन कपाळावर. त्यानंतर तो जो सैल पडला तो पडलाच, वर केला की दोन सेकंद दम धरायचा आणि मेंढरासारखी मान टाकायचा.

इथं थोडं आतलं समजून घ्यायला पाहिजे, मी उशिरा समजून घेतलं. व्हायझर म्हणजे एल आकाराची एक दांडी. तिचं एक टोक छताच्या कोपऱ्यात स्क्रूनं बसवलेलं आणि दुसरं टोक व्हायझरच्या पोटात. पोटात पत्र्याची एक स्प्रिंग क्लिप असते, ती दांडीला आवळून धरते, केसाला लावायची क्लिप धरते तशी. दांडी पूर्ण गोल नसते, एका बाजूला चपटी केलेली असते, व्हायझर छताला टेकवला की क्लिप बरोबर त्या चपट्या भागावर येऊन बसते आणि हाताला टक् लागतं. मधे कुठंही थांबतो तो निव्वळ आवळपणावर, घर्षणावर. आता जी वस्तू घर्षणावर उभी आहे तिच्यात तेल सोडायचं म्हणजे... असो, घरातली गोष्ट आहे.

पण सगळा दोष तेलाचा नव्हता हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर मिस्टर हे वाचतील. तो करकरायला लागला होता म्हणजे आतलं प्लास्टिक आधीच तडकायला लागलेलं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४२-४३ काय नवीन नाही, आणि बाहेर तेवढं असताना काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत आतलं ६० च्या वर सहज जातं. व्हायझर तर काचेला खेटून. वर्षानुवर्षं तापून गार होऊन ते प्लास्टिक उन्हाळ्यातल्या पापडासारखं कडक होतं आणि क्लिपचा ताण त्याला सोसत नाही. त्यात आपण व्हायझरच्या मागं काय काय खोचतो! आरसीची झेरॉक्स, पेट्रोलच्या पावत्या, गॉगल, सिद्धेश्वराचा फोटो. माझ्या व्हायझरमागनं त्या दिवशी काढलं तर पावत्यांचा चांगला बोटभर जाड गठ्ठा निघाला, एक तर २०१९ ची.

मग मी केलेले वेडेपणे. पहिलं म्हणजे कपड्यांचा चिमटा. चालला की, पण खाली घ्यायचा झाला की चिमटा काढून तोंडात धरायचा आणि एका हातानं स्टिअरिंग, ते बघून आमच्या लेकीनं शाळेपर्यंत सोबत यायचं बंद केलं. मग वेल्क्रोची पट्टी छताच्या कापडाला चिकटवली. मार्चपर्यंत ठीक, एप्रिलमध्ये तिचा गोंद पातळ होऊन छताला काळा डाग, तो अजून आहे. मग ग्लू गननं गरम गोंद. अहो, जो गोंद गरम केला की वितळतो तो सोलापूरच्या उन्हात गाडीत लावायचा म्हणजे बर्फाची खुंटी मारल्यासारखं. झटक्यात चिकटणारा गोंद पण लावून बघितला, पण व्हायझरच्या आतलं असलं गुळगुळीत प्लास्टिक त्याला धरतच नाही आणि धरलं तरी पहिल्या हिसक्याला काचेसारखं कट्ट. या प्रकारात गोंद हे उत्तरच नाही. आवळून बांधायला पाहिजे. एवढं कळायला मला चार महिने लागले.

नवीन का नाही घेतला, हा पुढचा प्रश्न असतोच. विचारला होता. गाडी जुनी, मॉडेल बंद झालेलं, काउंटरवाला म्हणाला मागवावा लागेल, किंमत सांगितली ती ऐकून मी नुसतं बरं म्हणून फोन ठेवला. मग जुन्या पार्टवाल्याकडनं दोनशे रुपयात एक आणला, घरी येऊन बघते तर डाव्या बाजूचा. डावा-उजवा एकमेकाचे आरशातले भाऊ, अदलाबदल होत नाही, दांडीच उलट्या बाजूला वळते. तुम्ही जुना घ्यायला गेलात तर ड्रायव्हरकडचा म्हणून सांगा, आणि स्वतःचा काढून हातात घेऊनच जा. परत द्यायला गेले तर तो म्हणाला, मॅडम गेलेला माल वापस नाही. ते दोनशे रुपये वाया गेले म्हणत होते पण नाही गेले, कारण तोच व्हायझर मी घरी फाडून बघितला आणि आत काय असतं ते मला कळलं.

आता खरं काम. तुमचा लोंबतोय म्हणजे नक्की कुठनं सैल आहे ते आधी बघा, ब्लेड नंतर हातात घ्या. कोपऱ्यात एका हातानं दांडी घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं व्हायझर वरखाली करा. दांडीसकट कोपऱ्यातलं बूडच हलत असेल तर नुसते स्क्रू सैल आहेत, प्लास्टिकची टोपी उचकटा, आत दोन-तीन स्क्रू, बऱ्याच गाड्यांत स्टारवाले असतात, आवळा आणि विषय संपला. भोक ढिलं झालं असेल तर किंचित जाड स्क्रू चालेल, पण लांब अजिबात नको, वर लगेच गाडीचा पत्रा आहे, टपाला आतून टेंगूळ येईल. दांडी जागच्या जागी आणि व्हायझरचं फक्त मधल्या आरशाकडचं टोक खाली येत असेल तर ते टोक ज्यात अडकतं तो हुक गेलाय. तो बहुतेक वेळा व्हायझर हुकातनं न सोडता बाजूच्या काचेकडं ओढल्यानं मोडतो. आमच्या ऑफिसातल्या एका सरांनी दोन वेळा मोडला. हुक वेगळा मिळतो, स्वस्त असतो, त्यासाठी काही फाडू नका.

आणि दांडी घट्ट, हुक शाबूत, तरी मान टाकत असेल तर पोटातला आजार, माझ्यासारखा.

यात मी व्हायझर पूर्ण काढून घेतला. ड्रायव्हरकडच्याला तोंड बघायच्या आरशाचा दिवा असला तर त्याला वायर येते, ती ओढू नका, आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मग जोड सोडा. ज्या गाडीत पडद्यासारख्या एअरबॅग आहेत तिथं छताच्या कडेचं किंवा खांबावरचं प्लास्टिक उचकटायला जाऊ नका, त्या तिथंच असतात. आपल्याला फक्त स्क्रूंशी काम. मग दांडीच्या बाजूनं शिवणीवर ब्लेडनं चार बोटं उसवलं, वरचं कापड न फाडता फक्त शिवण. आत बघितलं तर क्लिप धडधाकट, पण ती ज्या प्लास्टिकच्या खोबणीत बसते ती लांबीनं चिरलेली, त्यामुळं क्लिप फाकलेली. मेडिकलमधनं स्पिरिट आणून दांडी आणि क्लिप तीन-तीन वेळा पुसली, चिंधीवर तेल पिवळं उतरायचं थांबेपर्यंत. पकडीनं क्लिप अगदी थोडी चेपली. थोडीच, जास्त चेपली तर व्हायझर वळवताना सगळा जोर चिरलेल्या प्लास्टिकवर येतो. मग खोबणीभोवती रुंद केबल टाय दोन ठिकाणी घालून पकडीनं ओढून आवळले, शेपट्या कापल्या, टायची डोकी कापडाकडं न ठेवता आतल्या फोमकडं वळवली, नाहीतर वरनं गाठोडी दिसतात. बसवून बघितला. थांबला! ४५ अंशात पण थांबला.

राहिली शिवण. चिकटवायची इच्छा मेली होती. कारखान्यात आमच्याकडं टॉवेलच्या कडा मारायला बायका आहेत, त्यातल्या एक मावशी तेलुगू, सोलापुरात जन्म गेला तरी मराठी स्वतःच्याच चालीनं बोलतात. जेवणाच्या सुट्टीत मी व्हायझर मांडीवर घेऊन सुईशी झटापट करायले बघून म्हणाल्या, "काय करायलाव अक्का? सुती दोरा घातलाव की काय? उन्हात कुजून जातो की." आणि हातातनं काढूनच घेतला. पॉलिएस्टरचा जाड दोरा आणला, वाकडी सुई आणली, आणि शेंगाचटणी-भाकरीचा डबा बाजूला सारून दहा मिनिटात गादीला घालतात तसले टाके घातले. दोरा होता पांढरा, व्हायझर करडा. मी म्हटलं करड्या रंगाचा नाही का? तर म्हणाल्या, "दिसू दे की, मी घातले म्हणून सांगा." म्हणून ते टाके दिसतात, आणि म्हणून तुम्ही विचारता.

दोन उन्हाळे झाले. पूर्वीचा तो टक् आवाज परत आलेला नाही, दांडीचा चपटा भाग झिजला असणार, पण वर राहतो आणि खाली पण राहतो. एका मैत्रिणीच्या गाडीत दांडीच जास्त झिजलेली होती, तिथं इलेक्ट्रिकवाल्याकडची पातळ हीट श्रिंक नळी दांडीवर चढवून गरम हवेनं आवळली. टक् पूर्णच गेला पण पकड आली. पावत्या मी आता ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवते. सिद्धेश्वराचा फोटो डॅशबोर्डवर आलाय. तेलाची डबी कुठं ठेवलीय ते फक्त मला माहीत आहे.

केबल टाय कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतील. फक्त स्टारवाला बिट मागायला माझ्याकडं येऊ नका, तो ऑफिसातल्या त्या हुकवाल्या सरांनी नेलाय आणि अजून परत आलेला नाही.