तुरटीचा खडा, दिवस 19: तुसाची बादली कामाला आली

मंडळी, घरी तुरटीचा मोठा स्फटिक वाढवायचा प्रयोग चाललाय त्याच्या अपडेटला उशीर झाला, भातकापणी चालू होती. मिठाचा नाद मी सोडला बरं का. जुलैत श्रीवर्धनात बसून मिठाचे स्फटिक करायला घेतले हाच येडेपणा, मीठ 20 डिग्रीला 100 मिली पाण्यात 36 ग्रॅम विरघळतं आणि उकळत्यात जेमतेम 39, म्हणजे गार करून हाती काही लागत नाही, पाणी आटायलाच हवं, आणि आमच्याकडे पावसात पाणी आटतंय कुठलं, बरणीतल्या मिठालाच पाणी सुटतं.

तुरटीचं तसं नाही, 20 ला 14 ग्रॅम आणि 50 ला 36 च्या वर. अर्धा लिटर गरम पाण्यात 120 ग्रॅम टाकली, फडक्यातून गाळली, सकाळी तळाला बारके खडे. त्यातला एक धड बघून तंगुसाला (मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याला) बी म्हणून बांधला आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या बरणीत ओतून त्यात सोडला. तुरटी न्हाव्याकडे असते तसली काचेसारखी घ्या, पाणी शुद्ध करायची मळकट असते तिचे असे खडे होत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर तंगुसाला नुसती गाठ! ऑक्टोबरचं ऊन, दुपारी 33 रात्री 24, रात्री जेवढं चढायचं त्याच्यापेक्षा जास्त दुपारी विरघळून जायचं. मग परत थोडी तुरटी घालून गरम केलं, नवीन बी बांधलं आणि एका रात्रीनंतर अख्खी बरणी बादलीत भाताच्या तुसात गळ्यापर्यंत पुरून माजघरात ठेवली, म्हणजे दुपारी तापायला नको आणि रात्री एकदम गार व्हायला नको. आई म्हणते अंडी उबवतोयस काय रे.

पण जमलं! आज 2.3 सेंमी. ट्यूबलाइटखाली फिरवला की आठही त्रिकोण एकेक करून चमकतात, दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून चिकटवल्यासारखे. मधोमध मात्र पांढरा ढग आहे, पहिल्या रात्री तूस घालायच्या आधी भसाभस वाढला तेव्हाचा, घाईत वाढला की पाणी आत अडकतं. त्याच्यावरचा थर एकदम स्वच्छ.

पुढचा नंबर मोरचुदाचा, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटचा. सुपारीवर कोळेरोगासाठी (पावसात फळं कुजवणारा बुरशीचा रोग) बोर्डोची फवारणी मारतो ना, 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद नि 1 किलो चुना, त्यातल्या मोरचुदाची एक पुडी उरलीय. विषारी असतं, त्यामुळे जुना काचेचा ग्लास कायमचा बाजूला काढलाय, स्वयंपाकघरातलं भांडं नाही आणि अॅल्युमिनियमचं तर अजिबातच नाही, भोकं पडतील. तूस मात्र आता बादलीभरच उरलंय, त्यामुळे आधी हा खडा बाहेर निघू दे.